मुक्कामाची जागा

वेळापूरला वाढलेल्या माणसाला प्रवासाचं शिक्षण घरबसल्या मिळतं. आषाढात माउलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्यावर गोल रिंगण होतं आणि वेळापूर जवळ आलं की दिंड्या उतारावरून धावत सुटतात. हा वेळापूरचा धावा. मानवीच्या ओढ्यापाशी भारूड रंगतं. मग पालखी तळावर येते, समाजआरतीसाठी दिंड्या गोल उभ्या राहतात आणि चोपदाराचा चोप वर गेला की एवढा अफाट समाज गप्प होतो. त्या शांततेत कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं, कुठल्या दिंडीची काय अडचण आहे, ते मोठ्यानं सांगितलं जातं. अडचण असेल तर तिथंच निवाडा होतो. शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला लष्करी तळाची शिस्त लावून दिली. एकोणिसाव्या शतकात घातलेली ती घडी अजून मोडलेली नाही.

आमच्या घरी ठरलेली दिंडी उतरायची. आजी आदल्या दिवशी सोपा सारवून घ्यायची, रांजण भरून ठेवायची, परसात चुलीसाठी तीन दगड मांडायची. वारकरी यायच्या आत दिंडीचा ट्रक आलेला असायचा. त्यातून राहुट्या, काठ्या, पिठाची पोती, काहिली, कंदील खाली उतरायचे आणि तासाभरात मोकळ्या रानात एक गाव उभं राहायचं. पहाटे कर्णा झाला की तेच गाव घड्या घालून पुन्हा ट्रकमध्ये चढायचं. घर गाडीत बसतं, ही गोष्ट मला फार लहानपणी दिसली होती.

आमचे हे एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघांची नोकरी संपली, मुलगी तिच्या संसारात रमली, तेव्हा यांनी पहिल्यांदा गाडीचा विषय काढला. चार दिवसांच्या सहली आम्ही पुष्कळ केल्या होत्या. त्या सहलीत माणूस मनानं घरीच असतो. दूधवाल्याला सांगितलं का, टाकीचा कॉक बंद केला का, हेच डोक्यात. यांचं म्हणणं असं की आता राहायलाच गाडीत जाऊ. देश जेवढा दिसेल तेवढा पाहू, जिथं बरं वाटेल तिथं थांबू, आणि वेळापूरचं घर दीर-जाऊबाईंच्या हवाली करू. निघण्याआधी आम्ही अर्धनारीनटेश्वराला गेलो. काळ्या दगडाचं ते यादवकाळचं देऊळ. राजा रामचंद्राच्या काळातले मराठी शिलालेख या गावात सापडले आहेत. गाभाऱ्यात शिव आणि पार्वती दोघंही उभे. इतर ठिकाणी पिंडीपुढे हात जोडायचे, इथं जोडप्यापुढे. दोघांनी मिळून काही आरंभायचं तर याच्याइतकं योग्य दैवत दुसरं कुठलं?

गाडी तयार करणं सोपं नव्हतं. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आसनं काढायची आणि आत पलंग ठोकायचा, असं कुणीही सुचवतं. पण मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानं गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली ते पुन्हा बजावून सांगितलं आहे. त्यामुळे मान्यताप्राप्त कारखान्यात काम करून घ्यायचं, तपासणी करायची आणि मोटर कॅरावॅन या वर्गात नोंदणी करायची, हा सरळ रस्ता आम्ही धरला. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे निदान हा शब्द ऐकून कार्यालयातला माणूस चमकत नाही.

आत काय आहे? मागच्या बाजूला आडवा पलंग, त्याखाली सामानाचे खण. एका अंगाला ओटा, त्यावर एक शेगडी आणि खाली पाच किलोचा सिलिंडर. शंभर लिटरची पाण्याची टाकी. छतावर सौर पट्ट्या, त्यांच्यावर चालणारी बॅटरी, तिच्यावर दिवे, पंखा आणि एक छोटा फ्रीज. दाराशेजारी अंग चोरून उभं राहता येईल एवढी न्हाणी, तिच्यातच डब्याचा संडास. तो डबा दोन-तीन दिवसांनी योग्य जागी रिकामा करावा लागतो आणि हे काम यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवलं आहे. लोकांना गाडीचे फोटो आवडतात. मला विचाराल तर या गाडीतली सगळ्यात मोलाची वस्तू तो डबा आहे. का, ते पुढे सांगते.

ज्वारी आम्ही बरोबर नेतो. मंगळवेढ्याची मालदांडी, तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात तिचा मान त्याच्या कितीतरी आधीपासून होता. पीठ फार दिवस टिकत नाही, कडवट होतं. म्हणून पोतं दाण्याचं ठेवायचं आणि आठ-दहा दिवसांनी ज्या गावात असू तिथल्या गिरणीवर दळून आणायचं. या दळणानं आम्हाला जेवढी माणसं भेटवली तेवढी कुठल्या देवळानं भेटवली नाहीत. गिरणीपुढच्या रांगेत डबा ठेवून उभं राहिलं की चार बायका आपोआप बोलू लागतात. भाषा येत नसली तरी दाणा ओळखीचा असतो. उत्तर कर्नाटकात तर गिरणीवालाच दाणे तळहातावर घेऊन मान डोलावतो, त्यांच्याकडेही ज्वारीच. कच्छात एका म्हातारीनं माझी भाकरी पाहून तिचा बाजरीचा रोटला आणून दिला आणि दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ आम्ही हातवाऱ्यांनी बोलत बसलो.

गाडीत भाकरी थापणं ही एक विद्या आहे. परात ओट्यावर मावत नाही, म्हणून ती मी पलंगाच्या कडेवर घेते. पाणी आधीच उकळून ठेवलेलं असतं. वाऱ्यानं जाळ हलतो, तेव्हा वाऱ्याकडचं दार लावायचं आणि दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे गॅस कोंडत नाही. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि हे पाणी वाटीतलं, नळाचं नाही. ज्या दिवशी थांबायला वेळ नसतो त्या दिवसासाठी कडक भाकरीचा डबा आहेच. सोलापूरच्या कडक भाकऱ्या महिनोन्‌महिने राहतात. आमटीत मोडून भिजवल्या आणि वर शेंगाची चटणी घेतली की जेवण झालं. प्रवासासाठीच कुणीतरी हे अन्न शोधून काढलं असावं, असं मला रस्त्यावर पटलं.

पाणी मात्र माणसाला बदलून टाकतं. घरी आपण पाणी वापरतो; इथं पाणी मोजतो. भांडी आधी कागदानं पुसायची, मग ओल्या फडक्यानं, आणि शेवटी तांब्याभर पाण्यात विसळायची. अंघोळ दोन तांब्यांत होते आणि चांगली होते. राजस्थानातल्या एका वस्तीत बायका कोसावरून घागर आणताना पाहिल्यावर आमच्या टाकीतलं पाणी मला आणखी जपावंसं वाटलं. सोलापूर जिल्हा तसा पाण्याच्या वाटेकडे डोळे लावून जगणारा. नीरा उजव्या कालव्यानं माळशिरस तालुका हिरवा झाला, ऊस आला, कारखाने आले. पण कालव्याच्या पोटाला नसलेली रानं अजून आभाळाकडे बघतात. पाण्याची किंमत मला ठाऊक होती. गाडीनं ती रोज मोजायला लावली.

नवरा-बायकोच्या नात्याचंही असंच. घरात राग आला तर स्वयंपाकघर असतं, अंगण असतं, शेजारीण असते. गाडीत रुसून जायला दुसरी खोली नाही. सुरुवातीला आमची भांडणं वाटेवरून व्हायची. यांना मोठा रस्ता हवा, मला गावातून जाणारा. भांडण झालं की गाडीत अबोला भरून राहायचा आणि तो इतका जवळ असायचा की दोघांनाही सोसवायचा नाही. मग एकानं तरी बोलायलाच हवं. आता अबोला टिकत नाही. राग येतो, पुढचा फाटा येईपर्यंत राहतो आणि जातो. पन्नाशी ओलांडल्यावर मी गाडी चालवायला शिकले, उलटी घेणं यांनी शिकवलं. त्यांनी भाकरी थापायला शिकून घेतलं. माझ्यापेक्षा त्यांची भाकरी थोडी जाड होते, पण पापुद्रा सुटतो. आयुष्यभर आम्ही एका घरात राहिलो, पण त्यांचं काम त्यांच्या कार्यशाळेत आणि माझं माझ्या शाळेत. त्यांचे हात काम करताना मी इतक्या जवळून कधी पाहिलेच नव्हते. सकाळी उठून ते चारही चाकांवरून हात फिरवतात, तेल पाहतात, पट्ट्याचा ताण पाहतात, खाली वाकून काही गळत नाही ना ते बघतात आणि मग म्हणतात, “चल.” या एका शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

दुपार कलली की आमच्यात एकच विषय असतो: आज कुठं? गाडीत घर असलं तरी ते उभं करायला जागा दुसऱ्याची लागते. ही गोष्ट निघण्याआधी कुणी सांगत नाही. पेट्रोल पंपावर विचारायचं, ढाब्याच्या मालकाला विचारायचं, देवळाच्या पुजाऱ्याला, शाळेच्या शिपायाला, शेतात काम करणाऱ्याला. “रात्रीपुरतं थांबू का?” हे वाक्य मी आता सहा-सात भाषांत बोलू शकते.

या प्रश्नाचं उत्तर देण्याची रीत आपल्या देशात जागोजागी आहे. नर्मदेच्या काठी परिक्रमावासी दिसला की लोक “नर्मदे हर” म्हणून पुढे येतात. पायी निघालेल्यांना सदाव्रतात पीठ, डाळ, मीठ मिळतं. आम्ही गाडीवाले, तरी अंगणात जागा मिळाली आणि सकाळी निघताना कुणीतरी भाजीची जुडी खिडकीतून आत दिली. गुरुद्वारात कुणी नाव-गाव विचारण्याआधी ताट पुढे करतात. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरात जेवताना मला आमचा सोपा आठवला. पंगतीला बसणारा कोण, हे न विचारता वाढायचं, ही शिकवण दोन्हीकडे एकच.

पण सगळीकडे असं होत नाही. एका गावात (राज्य कुठलं ते सांगत नाही, असं गाव कुठंही असू शकतं) आम्ही तळ्याकाठी थांबलो होतो. रात्री खिडकीवर काठी वाजली. बाहेर पाच-सहा तरुण, हातात बॅटऱ्या. “कोण आहात? कुठले? इथं काय करताय?” आवाज चढलेला. यांनी दार उघडलं, आत दिवा लावला. मी शिक्षिका होते, हे एसटीत होते, आमचं गाव पंढरपूरजवळ, असं सांगितलं. आधार कार्ड दाखवलं. पंढरपूरचं नाव ऐकल्यावर एकाचा सूर बदलला. त्याची आजी वारीला जायची. थोड्या वेळानं त्यांच्यातलाच एक जण घरून चहा घेऊन आला. ती पोरं वाईट नव्हती. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी विचार करत राहिले: आमच्यामागे गाव नसतं, पत्ता नसता, निवृत्तिवेतन नसतं, दाखवायला कार्ड नसतं, तर? गाडी हीच असती, आम्ही दोघं हेच असतो. चहा आला असता का?

त्या ‘तर?’चं एक उत्तर अमेरिकेत दिसतं. तिथं घर असलेल्या गाड्यांची मोठी परंपरा आहे. हौसेनं वर्षभर फिरणारी निवृत्त जोडपी पुष्कळ. पण 2008 च्या आर्थिक पडझडीनंतर घरं गेलेली, निवृत्तीची पुंजी आटलेली वयस्क माणसंही व्हॅनमध्ये राहू लागली. हंगामी कामं शोधत राज्याराज्यांतून फिरू लागली. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईनं त्यांच्याबरोबर राहून ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं, ते 2017 मध्ये आलं. त्यावरच्या चित्रपटाला 2021 साली ऑस्कर मिळालं. एकाच तळावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या. एकीतलं माणूस घर सोडून आलेलं, दुसरीतलं घर सुटून आलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. आतल्या माणसाला तो रोज रात्री कळतो.

हा फरक बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. आमच्या गावाच्या शिवारात तो दरवर्षी मुक्कामाला येतो.

एका पौषात आम्ही वेळापूरला आलो होतो. गाडीचे पाटे बदलायचे होते, आणि घरात लग्नाची गर्दी, म्हणून गाडी आमच्याच रानाच्या बांधाला उभी केली. पलीकडचा ऊस नुकताच तुटला होता आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यावर बीडकडच्या तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या. बांबूच्या चटया कमानीसारख्या वाकवून उभ्या केलेल्या, वर पाचट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद. आत जायचं तर वाकूनच. दारात तीन दगडांची चूल, पत्र्याची पेटी, धान्याची पोती, दोरीला बांधलेली शेळी, पाटीखाली कोंबड्या. शेजारी टायरगाडी आणि बैलं. माझ्या नजरेला सवय लागली होती. मी नकळत त्यांच्या सामानाची यादी आमच्या सामानाशी ताडून पाहिली. आमच्याकडे होतं ते सगळं त्यांच्याकडे होतं, फक्त पाणी आणि संडास सोडून.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम उचल देतो ती या जोडीला. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी इथून ही जोडपी निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घरी जात नाहीत. तो ऊस तोडतो, ती पाला सोलून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. उसाचे वाढे विकून वरखर्चाचे पैसे निघतात. एक दिवस काम चुकलं तर खाडा पडतो आणि तो दोघांच्या नावावर लागतो. एक आजारी पडला की दुसऱ्याचाही दिवस बुडतो. आम्ही दोघं एका गाडीत राहून जोडीनं जगायला शिकलो, असं मी वर मोठ्या कौतुकानं लिहिलं. ही माणसं विशीतच ते शिकलेली असतात, आणि त्यांना ते शिकण्यावाचून गत्यंतर नसतं.

पहाटे तीनच्या पुढे मला जाग आली. कोप्यांत हालचाल होती. कुणीतरी कानशीनं कोयता घासत होतं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. एक बाई चुलीपुढे बसून भाकऱ्या बडवत होती; पंचविशीची असेल. दव पडलेलं, हवा बोचरी. भाकऱ्या फडक्यात बांधल्या, झोपलेलं पोर गोधडीसकट उचलून गाडीत ठेवलं, आणि अंधारातच गाडी फडाकडे निघाली.

संध्याकाळी ती आपण होऊन आली. “मावशी, तुमची गाडी बघू का?” मी तिला आत घेतलं. पलंगाकडे तिनं फारसं पाहिलं नाही. नळ सोडून पाहिला आणि लगेच बंद केला. पाणी सांडू नये याची काळजी तिला मला सांगावी लागली नाही. मग मी न्हाणीचं दार उघडलं. ती उंबऱ्यावर थांबून त्या डब्याकडे बघत राहिली.

“हे बरंय मावशी,” ती म्हणाली. “अंधाराची वाट बघायला नको.”

मग तिनं विचारलं, “गावात घर हाय ना तुमचं? मग कशापायी फिरता?”

“देश बघायला,” मी म्हटलं.

“आमी बी फिरतो की. कर्नाटकात गेलो, सांगलीला गेलो, हितं आलो. पर बघायला काय मिळत नाय. रातीला टेंपोत बसतो, पहाटं फडात उतरतो. समदीकडं ऊसच.”

मी शाळेत शिकवत असताना अशा वस्त्यांवरची मुलं माझ्या वर्गात यायची. दिवाळीनंतर यायची, परीक्षेच्या आधी जायची. पुढे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघालं, म्हणजे पोरगं जिथं जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावं. मुलं दिवसा मला भेटायची, पाढे म्हणायची, पुढच्या बाकावर डुलक्या घ्यायची. त्यांची पहाट तीन वाजता सुरू होते, हे मला माहीत होतं. पण एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि तिच्या बांधावर रात्र काढणं वेगळं.

ती म्हणाली त्या अंधाराचा हिशेब मोठा आहे. दिवसभर बाहेर जायला आडोसा नाही, म्हणून बाया पाणी कमी पितात. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. दुखणी अंगावर काढली जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या कमी वयात काढल्या जात असल्याचं 2019 मध्ये राज्यभर गाजलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. आमच्या गाडीतल्या डब्याला मी सगळ्यात मोलाची वस्तू म्हटलं ते यासाठी. बाईमाणसाच्या प्रवासात मान कशाला म्हणतात, ते तिथून सुरू होतं.

फिरणाऱ्या माणसाकडे संशयानं पाहायची सवय आपल्याकडे कायद्यानंही लावली. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गावोगाव पोट घेऊन फिरणाऱ्या जमातींची माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरली. आमच्या सोलापुरातच त्यांची सेटलमेंट होती. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशी माणसं तारेच्या कुंपणात, हजेरी देऊन राहायची, गिरण्यांत राबायची. तो कायदा स्वतंत्र देशात 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. सोलापुरात त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. आमच्याच पालखीमार्गावर फलटण तालुका आहे. तिथल्या सोमंथळीत जन्मलेल्या लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’त गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाचं जिणं लिहिलं. 1980 साली ते पुस्तक आलं आणि पांढरपेशा मराठी वाचकाला कळलं की गावाबाहेरच्या पालातही कुणीतरी आपल्याचसारखं मूल वाढवत असतं. तळ्याकाठच्या त्या रात्री आमच्या खिडकीवर वाजलेली काठी आम्ही एकदा ऐकली. या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे, आणि चहा घेऊन कुणी परत आलेलं नाही.

देशात एवढं हिंडून मला जे सांगावंसं वाटतं ते एवढंच: भटकणाऱ्याचं सुख त्याच्या गाडीत नसतं. सौर पट्टी, बॅटरी, मऊ गादी ही सोय झाली. सुख त्या माणसाच्या हातात असतं जो संध्याकाळी म्हणतो, “थांबा की, आपलीच जागा आहे.” आम्हाला हे वाक्य देशभर ऐकायला मिळालं, कारण आमच्याकडे पाहून लोकांना विश्वास वाटला. हा विश्वास आमच्या गुणांचा नव्हता, आमच्या मागच्या घराचा होता. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच घर नसल्याबद्दल दूर उभं करायचं, ही रीत माणसाला शोभत नाही; आणि वारकऱ्यांच्या गावाला तर नाहीच.

वेळापूरला हे शिकवावं लागणार नाही. एका रात्रीसाठी लाखो माणसं येतात तेव्हा टँकर उभे राहतात, फिरती शौचालयं लागतात, दवाखान्याची पथकं येतात, दिवे लागतात, घराघरांत पिठलं शिजतं. आता पालखीसाठी चौपदरी महामार्ग झाला, कडेनं चालणाऱ्यांसाठी वाट धरली. एवढं करणाऱ्या गावाला पन्नास-साठ कोप्यांच्या वस्तीला एक नळ आणि चार संडास जड नाहीत. आषाढातला पाहुणा एक रात्र राहतो, कार्तिकातला पाच महिने. आणि गावाच्या, कारखान्याच्या, शेतकऱ्याच्या हाती जो पैसा येतो तो या दुसऱ्या पाहुण्याच्या घामातून येतो. आम्ही आमच्या बोअरची एक तोटी बांधापर्यंत नेली आहे आणि तिथं आडोसा करून संडासही बांधला आहे. आमच्या रानाजवळ उतरणाऱ्यांची तेवढी सोय झाली. पण शिवार मोठं आहे आणि एका घराच्या तोटीनं ते भागणार नाही.

26 जानेवारीची ग्रामसभा गळीत हंगामाच्या ऐन मध्यावर येते. तोडकऱ्यांची नावं इथल्या मतदारयादीत नसतात, म्हणून त्या सभेत त्यांच्या वतीनं बोलायला कुणी उभं राहत नाही. यांनी आणि मी ठरवलं आहे की देशात कुठंही असलो तरी जानेवारीत गाडी वेळापूरला आणायची. हंगामभर वस्तीजवळ पाणी, बायांसाठी दार लागणारा संडास आणि पालखीतळावरच्या सोयी या माणसांना खुल्या, असे तीन ठराव मी लिहून ठेवले आहेत. सभेत ते मी मांडेन. अनुमोदन द्यायला हे असतीलच. तिसरा हात गावातून वर यायला हवा.